विश्लेषण: अंतराळातला आवाज गच्चीपर्यंत येतो, मग ऐकू का येत नाही? हॅम रेडिओचा रिसीव्हर आणि शेजारचा टॉवर

४ जुलै २०२५ रोजी भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांशी गप्पा मारल्या. या गप्पा हॅम रेडिओवरून झाल्या, म्हणजे हौशी लोक वापरतात त्या रेडिओवरून. बातमी व्हायरल झाली आणि अनेकांना पहिल्यांदाच कळलं, की स्थानकावर असा एक रेडिओ कायम बसवलेला असतो. स्थानक डोक्यावरून जात असताना तो सुरू असेल, तर १४५.८०० मेगाहर्ट्झवर त्याचा आवाज कुणालाही पकडता येतो.

मग पुढची पायरी ठरलेली. ऑनलाइन दुकानातून पेनड्राइव्हएवढा एसडीआर रिसीव्हर मागवायचा, काही हजार रुपयांत तो येतो. लॅपटॉपला जोडायचा, गच्चीवर साधी अँटेना लावायची आणि ॲपवर स्थानकाची वेळ बघून बसायचं. स्थानक वेळेवर येतं, वेळेवर निघून जातं. लॅपटॉपवर मात्र नुसती खरखर, आणि मधेच कुठल्यातरी एफएम वाहिनीवरचं गाणं.

यात रिसीव्हर बिघडलेला नसतो आणि स्थानकही गप्प नसतं. अडचण शेजारी असते. जवळच्या ट्रान्समीटरने रिसीव्हरचा कान बंद केलेला असतो, आणि गंमत म्हणजे त्या ट्रान्समीटरने कुठलाही नियम मोडलेला नसतो.

हा प्रश्न हौसेपुरता असता तर सोडून देता आला असता. पण पूर-भूकंपात मोबाइल बंद पडतात तेव्हा हेच रेडिओ उपयोगी पडतात. विमानतळाशेजारचे ५जी टॉवर आणि पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग, हे दोन वादही याच प्रश्नाची मोठी रूपं आहेत.

दोन आवाजांत फरक तरी किती?

आकडे पाहिले की चित्र स्पष्ट होतं. स्थानक पृथ्वीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर असतं. त्याच्या रेडिओने ५ वॉट शक्ती सोडली, म्हणजे घरातल्या लहान एलईडी दिव्याएवढी, आणि स्थानक अगदी डोक्यावर असलं, तरी साध्या अँटेनाच्या हाती लागते ती एका वॉटच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही थोडी कमी शक्ती. एवढ्यावर रिसीव्हर व्यवस्थित चालतो. तो बनवलेलाच असतो अशा कुजबुजीसाठी.

आता शहरातलं एक एफएम केंद्र घ्या. शक्ती १० किलोवॉट, अंतर ५ किलोमीटर, मधे अडथळा नाही. त्याच अँटेनामध्ये या केंद्राची जी शक्ती उतरते, ती स्थानकाच्या अडीच कोटी पटींहून जास्त असते. आणि असं केंद्र शहरात एकच नसतं.

इथे कुणीही म्हणेल, की एफएमची वारंवारता ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ आणि स्थानकाची १४५.८. दोन वेगळ्या जागा आहेत. रेडिओवर एक वाहिनी लावली की दुसरी ऐकू येत नाही, मग इथे का यावी?

कारण वारंवारता निवडण्याचं काम रिसीव्हर अगदी दारातच करत नाही. अँटेनाने पकडलेलं सगळं आधी पहिल्या ॲम्प्लिफायरमध्ये शिरतं, आणि नेमकी वाहिनी वेगळी काढण्याचं बारीक काम त्याच्या पुढे होतं. चांगल्या आणि महाग रिसीव्हरमध्ये दारावरच पहारेकरी म्हणून फिल्टर असतो. स्वस्त रिसीव्हरमध्ये दार जवळपास सताड उघडं असतं. खर्च तिथेच वाचवलेला असतो.

गणपतीत मंडपासमोर डीजेच्या भिंतीला लागून उभं राहिलं की शेजारचा माणूस कानात काय सांगतोय ते कळत नाही. तो मराठीत बोलतोय आणि स्पीकरवर ढोल वाजतोय, म्हणजे दोन्ही आवाज वेगळे आहेत, पण कानाचा पडदाच आधी दमलेला असतो. रिसीव्हरचंही तसंच होतं. मोठ्या आवाजाला सांभाळून घेण्यासाठी तो स्वतःची संवेदनशीलता खाली आणतो आणि कुजबुज तळाशी जाते. ज्या आठ बिटांच्या एसडीआरची इथे चर्चा चालली आहे, तो येणारी लहर एकूण २५६ पायऱ्यांवर मोजतो. मोठा आवाज या पायऱ्यांवर मावावा म्हणून पट्टी ताणली की लहान आवाज पहिल्या पायरीच्याही खाली राहतो. (ही चिप मुळात डिजिटल टीव्ही पाहण्यासाठी होती. २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या लक्षात आलं की ती रेडिओ म्हणूनही वापरता येते. तिच्याकडून फार अपेक्षा करणं तसं अन्यायाचंच.)

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. पहिला ॲम्प्लिफायर फार ताणला गेला, की तो आलेल्या दोन आवाजांची आपापसात सरमिसळ करतो आणि तिसराच आवाज तयार होतो, जो बाहेर हवेत कुठेच नसतो. उदाहरणार्थ, भारतात हॅम लोकांचा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे आणि त्याला लागूनच लघुलहरींवरच्या प्रसारण केंद्रांचा पट्टा सुरू होतो. समजा ७.२५० आणि ७.४०० वर दोन जोरदार केंद्रं सुरू आहेत. पहिल्याची दुप्पट करून त्यातून दुसरं वजा केलं की ७.१०० येतं, म्हणजे बरोबर हॅमच्या पट्ट्याच्या मधोमध. त्या जागी कुणीही बोलत नसताना रिसीव्हरमध्ये दोन केंद्रांची खिचडी वाजते. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी आपल्या पट्ट्यात घुसलंय. प्रत्यक्षात ती खिचडी त्याच्याच डब्यात शिजलेली असते.

बधीर होणं वेगळं आणि जळणं वेगळं

एफएम केंद्र कितीही जोरात असलं, तरी काही किलोमीटरवरून ते सहसा रिसीव्हर जाळत नाही. जळण्याची भीती असते ती एकाच गच्चीवरच्या दुसऱ्या अँटेनाची, आणि ती बहुतेकदा स्वतः हॅमचीच असते.

अनेक हॅमकडे बोलण्यासाठी मोठा सेट असतो आणि पट्ट्यावर काय चाललंय ते पाहायला सोबत एखादा एसडीआर. दोघांच्या अँटेना एकाच गच्चीवर असतात. १४ मेगाहर्ट्झच्या दोन तारेच्या डायपोल अँटेना एकमेकींना समांतर, २० मीटरवर टांगल्या आणि एकीतून १०० वॉट सोडले, तर दुसरीत साधारण एक वॉटच्या घरात शक्ती उतरते. एक वॉट ऐकायला किरकोळ वाटतो, पण छोटे एसडीआर काही मिलिवॉटच्या पुढे सुरक्षित राहतील याची खात्री नसते. शंभर पटींचा हा फरक माइकचं बटण दाबल्यावर लगेच लागू होतो.

याचा सर्वांत स्वस्त उपाय दोरीने होतो. डायपोल अँटेना आपल्या लांबीच्या दिशेने, म्हणजे टोकांकडे, फार कमी शक्ती सोडते आणि पकडते. समांतर टांगलेल्या दोन तारा एका रेषेत, टोकाला टोक अशा टांगल्या, तर काहीही विकत न घेता मोठा फरक पडतो. एक आडवी आणि एक उभी ठेवली तरी फायदा होतो. अडचण जागेची आहे. शहरातल्या सोसायटीची गच्ची चाळीस-पन्नास फुटांची, तिच्यावर पाण्याच्या टाक्या, सौर पॅनल, डिशच्या छत्र्या, आणि मोबाइल कंपनीने भाड्याने घेतलेला कोपरा. सोसायटीला त्या कोपऱ्याचं दरमहा भाडं मिळतं. हॅमच्या तारेचं काही मिळत नाही. वार्षिक सभेत कुणाचं पारडं जड असेल हे सांगायला नको.

दुसरा उपाय म्हणजे रिले. बोलण्याचं बटण दाबलं की हा छोटा विजेवरचा खटका रिसीव्हरला अँटेनापासून तोडतो आणि त्याचं टोक जमिनीला जोडतो. इथे क्रम महत्त्वाचा. आधी रिसीव्हर सुटला पाहिजे, मग ट्रान्समीटर सुरू झाला पाहिजे. खटका सरकायला काही मिलिसेकंद लागतात आणि ट्रान्समीटर त्याआधी सुरू झाला, तर त्या मिलिसेकंदांतच काम तमाम होतं. म्हणून जाणकार मंडळी मधे सिक्वेन्सर नावाचं छोटं सर्किट घालतात, जे रांग लावून देतं: पहिला रिले, मग थोडं थांबायचं, मग ट्रान्समीटर. बंद करताना उलट क्रम.

तिसरा उपाय डायोडचा. रिसीव्हरच्या दारात दोन सिलिकॉन डायोड एकमेकांच्या उलट दिशेने जोडायचे. सिग्नल लहान असेपर्यंत ते गप्प बसतात. व्होल्टेज ०.६-०.७ च्या पुढे गेलं की दोघे वाहू लागतात आणि जास्तीची शक्ती तिथेच अडवतात. साधारण ५ मिलिवॉटच्या आसपास कुंपण घातल्यासारखं होतं. काही रुपयांत होणारं हे काम. पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. जवळ जोरदार केंद्र असेल तर डायोड अर्धवट जागे होतात आणि वर सांगितलेली खिचडी स्वतःच शिजवू लागतात. म्हणजे जळण्यापासून वाचवणारा पहारेकरीच गोंगाट करायला लागतो. रिले आणि डायोड दोन्ही लावायचे असतील तर डायोडकडे शेवटची फळी म्हणून पाहिलेलं बरं.

आणि फिल्टर?

बधीरपणावरचा खरा इलाज फिल्टर. हव्या त्या पट्ट्यालाच आत सोडणारा, किंवा नको तो पट्टा नेमका गाळणारा. एफएमने हैराण केलेल्या एसडीआरसाठी ८८ ते १०८ गाळणारे तयार फिल्टर बाजारात मिळतात आणि बऱ्याच वेळा तेवढ्याने काम होतं.

घरी करायचा एक जुना जुगाडही आहे. कोॲक्सियल केबलचा साधारण अर्धा मीटर लांबीचा तुकडा घ्यायचा, त्याचं एक टोक उघडं ठेवायचं आणि दुसरं टोक टी आकाराच्या जोडणीने मुख्य केबलला लावायचं. ९८ मेगाहर्ट्झला ही लांबी केबलमधल्या लहरीच्या बरोबर पाव भागाएवढी भरते. त्या वारंवारतेची लहर तुकड्यात शिरते, उघड्या टोकावरून परत फिरते आणि जोडणीपाशी येईपर्यंत उलटी झालेली असते. परिणामी त्या वारंवारतेपुरता जोडणीवर जणू शॉर्टसर्किट होतो. बाकीचे सिग्नल पुढे जातात, थोडा कर देऊन. एका केंद्राचा त्रास असेल तर हा तुकडा छान चालतो. पाच-सहा केंद्रं पसरलेली असतील तर नाही.

फिल्टरची सर्वांत अवघड परीक्षा पाहायची तर टेकडीवरचा रिपीटर पाहावा. हॅमचा हातातला छोटा वॉकीटॉकी डोंगराआड पोहोचत नाही, म्हणून उंचावर एक यंत्र ठेवलेलं असतं. ते एका वारंवारतेवर ऐकतं आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जोरात परत बोलतं, बहुतेकदा एकाच अँटेनामधून. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात या दोन वारंवारतांमधलं अंतर असतं फक्त ०.६ मेगाहर्ट्झ. बोलणारा २५ वॉटने बोलतोय आणि ऐकणारा ०.२ मायक्रोव्होल्टची कुजबुज पकडतोय. या दोन शक्तींमधला फरक ३ वर १६ शून्यांएवढा आहे. दोघे एकाच डब्यात, एकाच तारेवर, एकाच वेळी.

तरीही ते चालतं. त्यासाठी डुप्लेक्सर वापरतात, म्हणजे धातूचे मोठे, आतून पोकळ डबे. प्रत्येक डबा एका वारंवारतेला नेमका जुळवलेला असतो. चार-सहा डबे ओळीने लावून बोलणाऱ्याचा आवाज ऐकणाऱ्याच्या दारात येण्याआधीच चिरडला जातो. डब्याचा एखादा स्क्रू हलला किंवा मोसमात ओल शिरली, की रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतो. लांबचे वॉकीटॉकी त्याला ऐकू येईनासे होतात आणि बाहेरून मात्र सगळं ठीक दिसतं, कारण बोलणं जोरात सुरूच असतं.

आपत्तीत हा प्रश्न दहा पटींनी वाढतो, तो का?

डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचा एक चमू भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरला गेला होता. अंदमान-निकोबारमधून जगभरच्या हॅमशी बोलण्याची संधी अनेक वर्षांनी मिळाली होती आणि मोहीम निव्वळ हौसेची होती. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. फोन बंद पडले आणि हौसेसाठी लावलेल्या त्याच सेटवरून बेटांवरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीपर्यंत पोहोचवली गेली. २००१ च्या भूजच्या भूकंपातही हॅम मंडळींनी असंच काम केलं होतं.

अशा प्रसंगी नियंत्रण कक्ष कसा असतो, याची कल्पना करा. जिल्ह्याच्या ठिकाणची एखादी इमारत, जनरेटर, आणि एकाच गच्चीवर तीन-चार अँटेना. एक सेट ७ मेगाहर्ट्झवर दूरच्या शहराशी बोलतोय, दुसरा १४ किंवा २१ वर दिल्ली-हैदराबादशी, तिसरा १४५ वर गावात फिरणाऱ्या स्वयंसेवकांशी. सोबत पोलिसांचा वायरलेस. तारा टांगायला वेळ नसतो, जागा नसते, आणि जो तो आपली तार मिळेल त्या खांबाला बांधतो. इथे कुणाचाही ट्रान्समीटर दुसऱ्याचा रिसीव्हर बधीर करू शकतो. आणि नेमका तोच क्षण असतो जेव्हा पुरात अडकलेल्या गावातून संपत आलेल्या बॅटरीवर कुणीतरी हाक मारत असतं. ती हाक कमजोरच असणार.

हॅमच्या पट्ट्यांमध्ये आणखी एक मेख आहे. ७, १४, २१, २८ ही पाढ्यासारखी रांग आहे. ७.०५ मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्या ट्रान्समीटरची तिसरी पट २१.१५ येते, म्हणजे शेजारच्या मित्राच्या पट्ट्यात. त्यामुळे अशा ठिकाणी ऐकणाऱ्याच्या दारातच फिल्टर लावून भागत नाही, बोलणाऱ्याच्या तोंडावरही लावावा लागतो. परदेशात दुर्गम बेटांवर जाणाऱ्या हौशी मोहिमा प्रत्येक सेटला त्याच्या पट्ट्याचा फिल्टर जोडल्याशिवाय निघत नाहीत. अमेरिकेत १९३३ पासून दर जूनमध्ये ‘फील्ड डे’ नावाचा उपक्रम होतो. मैदानात तंबू ठोकायचे, जनरेटर लावायचे आणि अनेक सेट शेजारी शेजारी चालवायचे. वरवर सहल, पण खरी तालीम याचीच, की एकमेकांना बहिरं न करता एका जागेवरून किती जण काम करू शकतात. भारतात परवान्याच्या परीक्षेत तंत्र आणि नियम विचारले जातात, पण गच्चीवर चार सेट एकत्र चालवण्याचा सराव पुस्तकातून होत नाही. तो आपत्ती यायच्या आधीच झालेला असला पाहिजे.

तक्रार कुणाकडे करायची?

भारतात हॅम परवाना दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा देते. कुणी दुसऱ्याच्या वारंवारतेत घुसत असेल, त्याचा ट्रान्समीटर ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर कचरा टाकत असेल, तर तक्रार करता येते आणि तपासणीची सरकारी यंत्रणाही आहे. पण वर वर्णन केलेल्या बहुतेक प्रकरणांत ट्रान्समीटर आपल्या जागी, आपल्या शक्तीत, स्वच्छ चाललेला असतो. तपासणीत तो निर्दोष ठरणार आणि ते बरोबरही आहे. कायद्याने दिलेली वारंवारता म्हणजे नकाशावरचा प्लॉट. शेजाऱ्याने हद्द ओलांडली नाही, फक्त त्याचा दिवा फार प्रखर आहे आणि आपल्या खिडकीला पडदा नाही.

गंमत अशी, की हॅम स्वतः अनेकदा या भांडणाच्या दुसऱ्या बाजूला उभे असतात. हॅम बोलायला लागला की शेजारच्या टीव्हीवर मुंग्या येतात, स्पीकरमधून त्याचा आवाज ऐकू येतो, आणि दोष त्याच्यावर येतो. तेव्हा तो हेच सांगतो, की माझा ट्रान्समीटर स्वच्छ आहे, तुमच्या टीव्हीला फिल्टर नाही. दोन्ही वेळा तर्क एकच आहे, फक्त बाजू बदलते.

अमेरिकेच्या संसदेने तर १९८२ मध्येच तिथल्या संपर्क आयोगाला घरगुती उपकरणांनी किती त्रास सहन केला पाहिजे याचे मानदंड ठरवण्याचा अधिकार दिला होता. आयोगाने प्रश्न बराच काळ उद्योगाच्या मर्जीवर सोडला. एप्रिल २०२३ मध्ये मात्र त्याने धोरण म्हणून जाहीर केलं, की व्यत्ययाची जबाबदारी बोलणाऱ्याची आहे तशी ऐकणाऱ्याचीही आहे. युरोपच्या २०१४ च्या रेडिओ उपकरण निर्देशाने रिसीव्हरच्या कामगिरीलाही नियमांत आणलं. या बदलांमागे हॅमचा वाटा फार नाही. वारंवारतांची जागा इतकी दाटीची झाली आहे की उघड्या दाराचे रिसीव्हर आता परवडत नाहीत, हे त्यामागचं कारण.

हाच वाद विमानतळावर झाला तेव्हा

१९ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेत नवी ५जी सेवा सुरू होणार होती आणि त्या दिवशी एअर इंडियासह अनेक कंपन्यांनी अमेरिकेला जाणारी काही उड्डाणं रद्द केली. कारण होतं विमानाच्या पोटाखालचा एक रिसीव्हर. रेडिओ अल्टिमीटर जमिनीकडे लहर सोडतो आणि तिचा परत येणारा मंद प्रतिध्वनी ऐकून विमान किती फुटांवर आहे ते सांगतो. तो ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतो. ५जीला मिळाले होते ३.७ ते ३.९८. मधे बरंच अंतर, हद्द कुणीच ओलांडलेली नाही. पण जुने अल्टिमीटर बनवले गेले तेव्हा शेजारच्या जागेत शांतता होती, त्यामुळे दारावर चांगला पहारेकरी ठेवण्याची गरज कुणाला वाटली नव्हती.

तोडगा ओळखीचाच निघाला. आधी अंतर, मग फिल्टर. विमानतळांजवळ टॉवरची शक्ती कमी ठेवली गेली आणि विमान कंपन्यांना १ जुलै २०२३ पर्यंत अल्टिमीटर सुधारायला सांगितलं गेलं. भारतात दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपन्यांना कळवलं, की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २,१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचे ५जी टॉवर लावू नयेत. विमानतळाशेजारी राहणाऱ्यांना ५जी नीट मिळत नव्हतं त्याचं एक कारण हे.

गच्चीवरचा हॅम आणि विमान यांच्यात फरक तंत्राचा नाही, वजनाचा आहे. विमानातल्या रिसीव्हरसाठी टॉवर मागे सरकले. हॅमसाठी कुणी सरकणार नाही, आणि त्याने तशी अपेक्षा ठेवण्यातही अर्थ नाही. त्याला स्वतःच्या दारातच बंदोबस्त करावा लागतो.

खोडदला फिल्टर का चालत नाही?

महाराष्ट्राला हा प्रश्न सध्या सर्वांत जवळून भिडला आहे तो जुन्नर तालुक्यात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली आणि जागा निवडताना आसपास रेडिओचा गोंगाट कमी असणं हा एक निकष होता. पुणे-नाशिक जलद रेल्वेचा मूळ मार्ग याच भागातून जाणार होता. दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून तो बदलावा लागेल, असं रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितलं आणि शिर्डी-अहिल्यानगरवरून जाणारा पर्याय पुढे आला. मूळ मार्गावरच्या तालुक्यांतून त्याला विरोध झाला. लोकांचा प्रश्न साधा होता: एवढ्या हुशार शास्त्रज्ञांना एक फिल्टर बसवता येत नाही का?

इथे हॅमचा अनुभव कामी येतो. फिल्टर वारंवारता पाहून अडवतो. एफएमचा आवाज १०० ला आणि ऐकायचं १४५ ला, तर तो दोघांना वेगळं करू शकतो. पण विजेच्या ठिणगीला ठरावीक वारंवारता नसते. रेल्वेच्या ओव्हरहेड तारेवर पँटोग्राफ घासतो तेव्हा उडणारी ठिणगी, स्वस्त एलईडी दिव्याचा किंवा चार्जरचा वीजपुरवठा, सौर पॅनलचा इन्व्हर्टर, हे सगळे एकाच वेळी रुंद पट्ट्यात पसरलेला गोंगाट करतात. जिथे ऐकायचं आहे त्याच जागेत तो येऊन बसतो. तो गाळला की ऐकायचा सिग्नलही गाळला जातो. दुर्बीण ज्या आकाशगंगांना ऐकते त्यांचा आवाज अंतराळ स्थानकाच्या आवाजाच्या तुलनेतही नगण्य आहे. तिथे उरतात दोनच मार्ग. गोंगाट मुळाशी बंद करायचा, किंवा लांब जायचं. मार्ग किती लांबून न्यावा, मधल्या तालुक्यांचं नुकसान कसं भरून काढावं, यावर वाद व्हायलाच हवा. पण फिल्टर लावून मोकळं होता येईल, हे गृहीत धरून तो करता येणार नाही.

शहरातल्या हॅमलाही हल्ली हाच दुसरा प्रकार जास्त छळतो. टॉवरचा बंदोबस्त फिल्टरने होतो, पण खालच्या मजल्यावरच्या चार्जरचा होत नाही. त्यासाठी जिना उतरून शेजाऱ्याच्या दारावरची बेल वाजवावी लागते.

आपल्याकडे नेमकं काय होतंय, हे कसं ओळखायचं?

एसडीआर घेऊन बसलेल्यांसाठी एक साधी चाचणी आहे. अँटेना आणि रिसीव्हरच्या मधे १० डेसिबलचा अटेन्यूएटर जोडायचा. हा छोटासा तुकडा येणारी सगळी शक्ती एक दशांश करतो. पडद्यावर दिसणारा संशयित सिग्नल बरोबर १० डेसिबलने खाली आला, तर तो खरोखर हवेत आहे. २५-३० डेसिबलने कोसळला, तर तो बाहेरून आलेला नाही, रिसीव्हरच्या पोटात सरमिसळ होऊन तयार झालेला आहे, आणि फिल्टरचा उपयोग होईल. कधी कधी अटेन्यूएटर लावल्यावर हवा असलेला मंद आवाज उलट स्पष्ट होतो. आवाज कमी केल्यावर जास्त ऐकू येतं, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खोटं वाटतं.

आणि अँटेना पूर्ण काढून टाकल्यावरही खरखर तशीच राहिली, तर लॅपटॉपचा चार्जर काढून एकदा बॅटरीवर चालवून पाहावं.